पंचांसमक्ष टाकलेला फासा

बिराजदार अण्णांनी एका जादूगाराच्या जिवासाठी पंचनामा केला, तेव्हा दोन पंचांपैकी एक मी होतो.

पंचनामा अगदी रीतसर होता. फूलस्केप कागद, डाव्या हाताला दोन बोटं समास, आणि घटनास्थळाच्या चतुःसीमा: पूर्वेस न्हाणीघर, पश्चिमेस सार्वजनिक रस्ता, उत्तरेस रफिकभाई यांचे सायकल दुकान, दक्षिणेस स्वयंपाकघर. खाली मुद्देमाल: ‘वीस बाजूंचा प्लास्टिकचा फासा, नग एक, दहा बाजू तांबड्या, दहा पांढऱ्या.’ त्याखाली माझी सही. शेजारी रफिकभाईंची, ग्रीसच्या बोटासकट.

अण्णा चौतीस वर्षं कोर्टात कारकून होते. निवृत्त झाले ते कोर्टातून. कारकुनीतून नाही. साखर पेठेतल्या त्यांच्या घराच्या ओट्यावर एक मराठी टंकयंत्र असायचं, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट असायचा आणि कानावर एका टोकाला तांबडी, दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल. कुणी काहीही बोललं की अण्णा एकच शब्द बोलायचे, “कलम?”

दूधवाला म्हणायचा, “अण्णा, आज ऊन लई हाय.” अण्णा विचारायचे, “कुठल्या कलमाखाली?” तो बिचारा वर बघायचा, मग खाली बघायचा आणि माप ओतून निघून जायचा.

एकदा लग्नाच्या पत्रिकेवर छापलं होतं, ‘आहेर स्वीकारला जाणार नाही.’ अण्णांनी ती ओळ तीनदा वाचली. म्हणाले, “स्वीकारायला बंदी आहे. द्यायला कुठंय?” मग त्यांनी एक स्टीलचा डबा मांडवाच्या दारात नेऊन ठेवला, चार पावलं मागं सरले आणि जेवायला बसले. यजमान डबा उचलेनात, पाहुणे डबा ओलांडेनात. शेवटी वरातीच्या घोड्यानं त्याला लाथ मारली. अण्णांचं मत पडलं की घोड्यानं तो स्वीकारला.

माझी त्यांची ओळख टंकयंत्रामुळं झाली. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. पत्रकं पुन्हा उघड काढता येत होती आणि मी आठवड्याला एक काढत होतो. सायक्लोस्टाइलची स्टेन्सिल कापायला टंकयंत्र पाहिजे होतं. अण्णांनी ते वापरू दिलं, पण एका अटीवर. मजकूर आधी त्यांच्या नजरेखालून जायला हवा. मला ही सरळसरळ मुस्कटदाबी वाटली. तसं मी बोललोही.

अण्णा म्हणाले, “तू लिहिलंयस, ‘भांडवलशाहीचा नायनाट करा.’ कुणी करायचा?”

“जनतेनं.”

“जनता म्हणजे कोण? नाव, पत्ता? आणि मुदत किती? पंधरा दिवस? महिना? पत्रक, अशा नोटिशीवर कुणीही नायनाट करत नाही.”

पत्रक हे माझं नाव. पुढं त्यांनी मला दुसऱ्या नावानं कधी हाक मारली नाही.

आता जादूगाराकडं येतो.

अण्णांचा एकुलता मुलगा शिवानंद अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायला गेला होता. ‘तू रविवारी काय करतोस?’ असं अण्णांनी त्याला एका पत्रात विचारलं. सहा महिन्यांनी कुणाच्या तरी हातून उत्तर आलं: तीन पातळ पुस्तिका, एक फासा आणि तो रंगवायला एक मेणाचा खडू. अमेरिकेतली शिकलीसवरली मुलं रविवारी टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात म्हणे. एकजण पंच होतो आणि मनानंच एक गुहा रचतो. बाकीचे कुणी योद्धा होतात, कुणी जादूगार. ‘मी दार उघडतो,’ खेळणारा सांगतो. ‘दारामागं राक्षस आहे,’ पंच सांगतो. कोण जगलं, कोण मेलं, ते फासा ठरवतो.

“म्हणजे बसून थापा मारायच्या,” अक्का म्हणाल्या. अक्का म्हणजे अण्णांच्या पत्नी. त्यांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. अण्णांचं कायद्याचं बोलणं फार लांबलं की त्या आतून कानडीत ओरडायच्या, “साकु माड्री!” पुरे करा, असा त्याचा अर्थ मला पहिल्याच आठवड्यात कळला. अण्णांना चाळीस वर्षांत कळला नव्हता.

बापलेकांनी हा खेळ टपालानं सुरू केला. शिवानंद तिकडून पंच, अण्णा इकडून जादूगार. अण्णांच्या जादूगाराचं नाव मल्लय्या. मल्लय्यानं पहिला मंत्र निवडला तो कुठलीही गूढ लिपी वाचता येण्याचा. शिवानंदनं कळवलं, ‘बाबा, हा मंत्र पहिल्यांदा कुणीच घेत नाही. लोक आगीचा घेतात, झोपेचा घेतात.’ अण्णांनी उलट टपाली विचारलं, ‘समोरच्यानं नोटीस लावली असेल आणि ती वाचताच आली नाही, तर आग लावून काय उपयोग?’

हे सगळं मला कळलं त्याच आठवड्यात मी बुवाबाजीविरुद्ध पत्रक काढलं होतं. मंत्रतंत्रावर चार जळजळीत परिच्छेद होते त्यात. मी तावातावानं ओट्यावर चढलो.

“अण्णा, तुम्ही? मंत्र? या शहरात माणसं पाळीवर जाऊन रक्त आटवतात, आणि तुम्ही भुताखेतांचे खेळ मांडलेत?”

अण्णांनी पुस्तिका पुढं सरकवली. तिला त्यांनी कोर्टाच्या दप्तरासारखी दोरी ओवली होती. पानोपानी तांबड्या-निळ्या खुणा होत्या.

“हे वाच. मसुदा कच्चा आहे, कुणी पोरानं केलेला दिसतोय, पण तत्त्व बघ. कुणीही कुणावरही मंत्र टाकू दे. कितीही मोठा मांत्रिक असू दे. मंत्र लागू व्हायच्या आधी समोरच्याला एकदा फासा टाकायचा हक्क आहे. बचावाचा फासा. ठरलेला आकडा पडला तर मंत्र बाद.” मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, “तुमच्या गिरणीत बडतर्फीची नोटीस निघते, तेव्हा देतात का फासा?”

मी खाली बसलो. माझ्या वडिलांना गिरणीतून काढलं तेव्हा फाटकावर नुसती यादी डकवली होती. चौदा नावं होती, त्यात आमचं होतं. वडील ती यादी वाचून डबा न उघडता घरी आले. त्यांची बाजू कुणी विचारली नव्हती. आणि इथं एका पोरखेळाच्या पुस्तकात चेटकिणीलासुद्धा समोरच्याची बाजू ऐकावी लागत होती.

त्या दिवसापासून मी मल्लय्याचा माणूस झालो.

मल्लय्याही तसा तत्त्वाचा. झोपेच्या मंत्राला बचावाचा फासा नाही असं पुस्तकात होतं. अण्णांनी त्या ओळीशेजारी ‘अन्याय’ असं लिहिलं आणि तो मंत्र आयुष्यात वापरला नाही. दोन वर्षांत मल्लय्यानं एकही राक्षस मारला नाही. पहिला राक्षस भेटला तेव्हा मल्लय्यानं त्याला विचारलं, ‘या गुहेवर तुमचा ताबा कोणत्या हक्कानं आहे?’ शिवानंदचं आठ पानांचं उत्तर आलं. राक्षसाचं म्हणणं होतं की बारा वर्षांहून जास्त काळ त्याची तिथं उघड, विनाअडथळा वहिवाट आहे. अण्णांनी ते पत्र ओट्यावर दोनदा मोठ्यानं वाचलं. “कुणाचा मुलगा आहे!” म्हणाले. राक्षस की शिवानंद, ते त्यांनी सांगितलं नाही.

तर तो पंचनाम्याचा रविवार.

सकाळी नऊचा सुमार. मी स्टेन्सिल कापत होतो. अण्णा हातात पत्र घेऊन बाहेर आले. ते आदल्या दिवशीच आलं होतं, पण अण्णा टपाल एक रात्र ‘दाखल’ करून ठेवायचे. चेहरा उतरलेला होता.

“पत्रक, रफिकला बोलाव. पंच पाहिजेत.”

रफिकभाई ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. ते तसेच ओल्या हातानं आले. “क्या हुवा अण्णा? चोरी?”

“चेटकिणीनं मल्लय्यावर मंत्र टाकलाय. दगड करायचा.”

“या अल्ला,” रफिकभाई म्हणाले आणि पायरीवर बसले. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, पण मल्लय्याची खबर ते रोज घेत असत.

अण्णांनी पत्रातला मजकूर सांगितला. शिवानंदनं लिहिलं होतं: बचावाचा फासा टाका, पंधरा किंवा वर पाहिजेत, कमी पडले तर मल्लय्या दगड. आणि मल्लय्या दगड म्हणजे खेळ खलास.

आधी पंचनाम्याचा वरचा भाग लिहून झाला. मग अण्णांनी आम्हाला फासा दाखवला, हातात देऊन खडखड करायला लावला. त्याला वीस बाजू होत्या, पण आकडे शून्य ते नऊच, दोन-दोनदा. म्हणून अर्ध्या बाजू तांबड्या. तांबडा आकडा आला तर त्यात दहा मिळवायचे. अण्णांनी तो पितळी वाटीत टाकला. फासा वाटीभर फिरला, कडेला आपटला आणि थांबला.

तांबडा चार.

“चौदा,” मी म्हणालो.

“एकीच कम पड्या!” रफिकभाई कळवळले. “फिरसे डालो अण्णा. कौन देखरा?”

“तू बघतोयस की.”

“मैं नै देख्या. मेरे आँख में साबून गया.”

“रफिक, तू पंच आहेस.”

“तो पंच मिलके बोलते ना, सोला पड्या! अमरीका से कौन आरा देखने कू?”

खरं सांगतो, माझाही जीव तिकडं ओढत होता. समुद्रापलीकडच्या माणसाला काय कळणार आहे? पण अण्णांनी दौतीत टाक बुडवला आणि ठळक अक्षरात लिहिलं: ‘चौदा.’ अंकात आणि अक्षरात. वर आम्हाला वाचून दाखवलं. आम्ही सह्या केल्या. आतून शेंगा भाजल्याचा खमंग वास येत होता आणि ओट्यावर मल्लय्या दगड झाला होता.

मग अण्णांनी पुस्तिका उघडली. बराच वेळ एका तक्त्यावर पेन्सिल धरून बसले. आणि त्यांचा तो आवाज आला, जो ऐकून म्हणे कोर्टात वकील उभे राहायचे.

“थांबा.”

तक्त्यात बचावाच्या फाशाचे पाच रकाने होते. विष असेल तर किती पाहिजेत, अजगराचा फूत्कार असेल तर किती, असे. त्यातल्या एका रकान्याचं नाव होतं ‘दगड’. तिथं जादूगाराला तेरा पुरत होते. शेवटच्या रकान्याचं नाव ‘मंत्र’. तिथं पंधरा लागत होते.

“दगड करायचा मंत्र,” अण्णा सावकाश म्हणाले, “कुठल्या रकान्यात बसतो? दगडाच्या, की मंत्राच्या?”

दगडाच्या धरला तर चौदावर मल्लय्या जिवंत. मंत्राच्या धरला तर पुतळा. शिवानंदनं मंत्राचा धरला होता.

रफिकभाई म्हणाले, “पत्थर का मंतर… मंतर का पत्थर… अण्णा, मेरे कू पंचर समजता, बस,” आणि ट्यूबकडं परत गेले.

“अपील!” मी ओरडलो. माझं रक्त उसळलं होतं. “अण्णा, हे नेहमीचंच आहे. दोन रकाने असले की वरचा माणूस आपल्या सोयीचा रकाना धरतो आणि खालचा माणूस दगड होतो! आपण लढायचं!”

“हळू बोल,” अण्णा म्हणाले. “वरचा माणूस माझा मुलगा आहे.”

पण अपील करायचं ठरलं. पुढचा आठवडाभर मी रोज संध्याकाळी तिथं जात होतो. अण्णा मुद्दे सांगायचे, मी लिहून घ्यायचो. मुद्दा चार: मंत्र म्हणतेवेळी चेटकिणीच्या तोंडात सुपारी होती, असं तिनंच मागील पत्रात कबूल केलं आहे, तरी उच्चार शुद्ध होता काय? मुद्दा नऊ: मल्लय्या त्यावेळी चष्मा पुसत होता, सबब त्यास मंत्र पोहोचल्याचा पुरावा कोणता? मुद्दा अकरा: दगड झालाच, तर कोणत्या जातीचा दगड? संगमरवर, की शहाबादी फरशी? मुद्दे वाढतच होते. मला ते कंटाळवाणे वाटायला लागले होते. रकान्याचा एक मुद्दा खणखणीत असताना ही सुपारी कशाला?

एका संध्याकाळी अण्णा अंघोळीला गेले होते तेव्हा अक्कांनी मला आत बोलावलं. भाकरी थापता थापता त्या बोलायला लागल्या.

“जिंकतंय का रं ते?”

“जिंकणार, अक्का. कायदा आपल्या बाजूनं आहे.”

“जिंकवा बाबा. पोरगं आदी वर्सातनं दोनदा लिव्हायचं. मी बरा हाय, तुमी बरं असाल. संपलं पत्र. आता आठ-आठ पानं येत्यात.” त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. “त्यातलं राक्षस न् बिक्षस मला कळत न्हाय. पर मदीच लिव्हतंय की. आज भात करपला. बर्फात पाय घसरला. हितं कुटं कडक भाकरी मिळंना. ह्ये वाचून दावताना मला म्हन्त्यात, त्यो भाग खेळाचा न्हाय, सोडून देऊ का. मी म्हन्ते तेवढंच वाचा.”

भाकरी फुगली. अक्कांनी ती काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

त्या रात्री घरी जाताना मी शपथ घेतल्यासारखा चालत होतो. आता हे अपील मल्लय्याचं राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी अण्णांकडून तिन्ही पुस्तिका मागून घेतल्या आणि माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीनिशी पहिल्या पानापासून वाचायला बसलो. पत्रकांवर वाढलेल्या माणसाला एक सवय असते. तो तळटीपसुद्धा सोडत नाही. तिसऱ्या पुस्तिकेच्या अगदी शेवटी शुद्धिपत्राचा एक चिटोरा चिकटवलेला होता. त्यावर बारीक अक्षरात छापलं होतं की माणसाचा दगड होण्याची भीती असेल, मग ती नजरेनं असो, स्पर्शानं असो की मंत्रानं, तर फासा दगडाच्याच रकान्याखाली टाकावा.

मी धावत सुटलो. सायकलसुद्धा घेतली नाही.

“अण्णा! सापडलं! तेराच लागतात! मल्लय्या जिवंत आहे!”

अण्णा यंत्रावर बसले होते. त्यांनी चिटोऱ्याकडं बघितलंही नाही.

“माहीत आहे मला.”

“माहीत आहे?”

“पंचनाम्याच्या दिवशीच वाचलं. ते घालू नकोस.”

मी भडकलो. खरंच भडकलो. हातात निर्णायक पुरावा असताना तो दडवायचा? माझ्या वडिलांच्या हातात असा एक चिटोरा असता तर त्यांनी तो फाटकावर खिळ्यानं ठोकला असता. मी हे सगळं बोललो. आणखी काय काय बोललो. चौतीस वर्षं खुर्चीजवळ बसून तुम्हालाही दिरंगाईची चटक लागलीय, असंही बोललो. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग यंत्राखालून ते पत्र काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

आजवरची शिवानंदची पत्रं मराठीत असायची, निळ्या शाईत, तिरक्या अक्षरात. हे इंग्रजीत होतं. टाईप केलेलं. कुठल्यातरी कंपनीचं नाव वर छापलेलं होतं. त्या रविवारी अण्णांनी आम्हाला मंत्राचा भाग तेवढा मराठीत करून सांगितला होता. खाली आणखी तीन ओळी होत्या. मला त्या वाचायला वेळ लागला.

शिवानंदला नोकरी लागली होती. काम फार होतं. हा फासा झाला की, मल्लय्या सुटो वा दगड होवो, खेळ इथंच थांबवू या, असं त्यानं लिहिलं होतं. तब्येतीची काळजी घ्या. सवडीनं लिहीन.

रस्त्यावरून सुताच्या बाचक्यांनी लादलेली हातगाडी गेली.

“जिंकलो तरी संपतंय,” अण्णा म्हणाले. “हरलो तरी संपतंय. हिला सांगितलेलं नाही.”

मी चिटोरा पुस्तिकेत परत ठेवला. “शेवटचा परिच्छेद राहिलाय,” मी म्हणालो. “सांगा, मी घेतो.”

“नको. हा मी घेतो.”

त्यांनी नवा कागद चढवला आणि दोन बोटांनी, एकेक अक्षर बघत, टाईप करायला लागले. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होतो.

‘सबब नम्र विनंती की, सदर प्रकरण निकाली काढू नये. विरुद्ध पक्षाने मुद्दा क्रमांक एक ते तेवीस यांवर आपले म्हणणे सविस्तर व स्वहस्ते लिहून द्यावे. एकेका पत्रात एकच मुद्दा घेतला तरी अर्जदाराची हरकत नाही. अर्जदारास निकालाची घाई नाही. पुढील तारीख मिळावी.’

अण्णांनी कागद ओढून काढला आणि उजेडाकडं धरला. “पत्रक,” त्यांनी विचारलं, “ते ‘स्वहस्ते’ जरा जास्त होतंय का रे?”

“असू द्या,” मी म्हणालो.

त्यांनी कागदाची घडी घातली. मग ती पुन्हा उघडली, कानावरची पेन्सिल काढली आणि त्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली.